पावणेचार म्हणजे चारच्या पाऊणपट नव्हे

मे महिन्यात घरी चार डझनांची आंब्याची पेटी उघडली. तीन आंबे डागी निघाले. "म्हणजे पावणेचार डझन हाती लागले," असं मी बोलून गेलो आणि सातवीतली भाची माझ्याकडे बघतच राहिली. "मामा, एवढे खराब? तीनच डझन उरले?" तिने लगेच मांडून दाखवलं: ३/४ × ४ = ३. गुणाकारात खोट काढायला जागा नव्हती. गोची अर्थ लावण्यात होती. तिने 'पावणेचार' हे 'चारच्या पाऊणपट' असं वाचलं होतं.

शब्द फोडला की गाठ सुटते. पाऊण आणि पावणे, दोघांचं मूळ एकच: संस्कृत 'पादोन'. पाद म्हणजे चौथा भाग, ऊन म्हणजे उणा. पाव उणा. आता प्रश्न एवढाच की कशाचा पाव? पावणेचारमध्ये पाव चारचा नसतो, एकाचा असतो. चारातून एकाचा चौथा भाग गेला की ३ पूर्णांक ३/४. डझनाचा पाव म्हणजे तीन आंबे, म्हणून ४८ − ३ = ४५. चारच्या पाऊणपट म्हणताना मात्र अख्ख्या चाराचेच चार वाटे करून त्यांतले तीन घ्यायचे: तीन डझन, ३६ आंबे. फरक नऊ आंब्यांचा, आणि हापूसच्या दिवसांत नऊ आंबे म्हणजे काही थट्टा नाही.

मग मुलं फसतात कुठे? मला वाटतं, एकापाशी. एकातून पाव काढा किंवा एकाला पाऊणने गुणा, उत्तर तेच, पाऊण. तिथे दोन्ही वाटा एका जागी भेटतात, म्हणून त्या एकच आहेत असं वाटतं. पुढे मात्र त्या फाकत जातात. पावणेआठ म्हणजे ७ पूर्णांक ३/४, आठच्या पाऊणपट म्हणजे सहा.

सव्वाचंही तसंच. सव्वा हा 'सपाद', पावासकट. सव्वाचार म्हणजे ४ पूर्णांक १/४, पण चारच्या सव्वापट पाच. मुंबईत मध्यरात्रीनंतर रिक्षाचं भाडं सव्वापट होतं, तेव्हा ऐंशीचे शंभर मोजावे लागतात. ऐंशी रुपये पंचवीस पैसे पुढे करून बघा, रिक्षावाला काय म्हणतो ते.

गंमत म्हणजे साडेपाशी हा घोळ होत नाही. साडे हा शब्द फक्त मिळवण्याच्या कामाचा. नुसतं 'साडे किलो' कोणी मागत नाही, 'साडेपट' कोणी म्हणत नाही. गुणायला दीड वेगळा ठेवलाय. साडेचार आणि चारच्या दीडपट (सहा) यांची गल्लत म्हणूनच होत नाही. (साडेतीनला 'औट' हा स्वतंत्र शब्दही होता. आता तो औट घटकेच्या राज्यापुरताच उरलाय.)

शे-हजार आले की आणखी एक खाच. पावणेचारशे म्हणजे ३७५. इथे शंभर हेच माप, म्हणून पाव शंभराचा, २५. पावणेचार हजारात तो २५० होतो, पावणेचार लाखांत २५ हजार. घड्याळात पाव तासाचा, म्हणून पावणेचार म्हणजे ३ वाजून ४५ मिनिटं. चारशेच्या पाऊणपट मात्र सरळ तीनशे.

हिशेबाला पावणेची ही घडण फार सोयीची. कापड १२० रुपये मीटर, घ्यायचंय पावणेचार मीटर. शाळेत १५/४ करून १२० ने गुणायला लावतात. दुकानदार चार मीटरचे ४८० धरतो, १२० चे निम्मे ६०, त्याचे निम्मे ३०, तेवढे वजा करून ४५० सांगतो. उत्तर दोघांचं एकच. माझं मत दुकानदाराच्या बाजूने, निदान तोंडी करायचं असेल तर.

जुन्या पाढ्यांत हे दोन्ही अर्थ शेजारी नांदत होते. पाऊणकी हा पाऊणने गुणण्याचा पाढा: एकाला पाऊण, दोनाला दीड, तिनाला सव्वादोन, चाराला तीन, पाचाला पावणेचार. म्हणजे पावणेचार ही पाऊणपट आहेच, फक्त चारची नव्हे, पाचाची! सवायकीत, म्हणजे सव्वाने गुणण्याच्या पाढ्यात, तीच संख्या तिनासमोर येते, कारण तीनची सव्वापटही पावणेचारच.

हे भाचीला सांगितलं तेव्हा तिने वहीत ५ × ३/४ आणि ३ × ५/४ एकाखाली एक मांडले. दोन्हीकडे १५/४ आलं. मग उठून टोपलीतले आंबे पुन्हा मोजले. पंचेचाळीसऐवजी चव्वेचाळीस भरले. एक मी आधीच खाल्ला होता.