सर्व्हरवरील मोठ्या फाइली आणि कचरापेटीची मर्यादा : पार्श्वभूमी

चुकून पुसलेली फाइल कचरापेटीतून परत आणता येते, हा वैयक्तिक संगणकाने अंगवळणी पाडलेला विश्वास सर्व्हरवर गृहीत धरता येत नाही. मोठ्या फाइलींच्या बाबतीत तर तो घातकच ठरतो.

फाइल काढून टाकण्याची ‘आरएम’ ही आज्ञा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये १९७१ पासून आहे. ती डिस्कवरचा मजकूर पुसत नाही, फक्त डिरेक्टरीतील नावाची नोंद काढते. एका फाइलला अनेक नावे असू शकतात; त्यांतले शेवटचे नाव गेले आणि कोणत्याही प्रोग्रामने ती उघडून ठेवलेली नसली, की तिची जागा मोकळी समजली जाते. म्हणूनच शेकडो जीबीची फाइलसुद्धा, कॉपी व्हायला लागणाऱ्या वेळाच्या मानाने, क्षणार्धात नाहीशी होते. सतत लिखाण चालू असलेल्या सर्व्हरवर त्या जागेत दुसरा डेटा येऊन बसायला वेळ लागत नाही, आणि फाइल जितकी मोठी तितके तिचे सर्व तुकडे शाबूत मिळणे कठीण.

कचरापेटी ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकावर दिसली आणि विंडोज ९५ ने ‘रीसायकल बिन’ घरोघर नेली. पण ही सोय एका माणसाच्या एका डिस्कसाठी होती. नेटवर्क ड्राइव्हवरून काढलेली फाइल सहसा त्या पेटीत जात नाही आणि पेटीच्या मर्यादेपेक्षा मोठी फाइल कायमचीच पुसली जाते. युनिक्स-लिनक्स सर्व्हरवरील फाइली विंडोज संगणकांना वापरू देणाऱ्या ‘सांबा’ या सॉफ्टवेअरच्या रीसायकल मॉड्यूलमध्येही कमाल आकार ठरवता येतो, आणि त्याहून मोठ्या फाइली पेटीत ठेवल्या जात नाहीत. जागा वाचवण्यासाठी केलेली ही तडजोड समजण्यासारखी आहे. तरीही जी फाइल पुन्हा तयार करणे सर्वांत अवघड, नेमकी तीच त्यामुळे उघड्यावर पडते, हे मला फार गंभीर वाटते.

टिकाऊ उत्तर पेटीतून नव्हे, फाइल सिस्टीमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेच्या, रचनेतून आले. डेटा साठवण्याची यंत्रणा बनवणाऱ्या नेटॲप कंपनीने १९९० च्या दशकात स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची एका क्षणीची गोठवलेली स्थिती, रूढ केले, विंडोज सर्व्हर २००३ ने सामायिक फोल्डरांच्या मागील आवृत्त्या उपलब्ध केल्या, तर २००५ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुल्या झालेल्या झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये स्नॅपशॉट मुळातच होते. स्नॅपशॉट घेताना फाइलची प्रत काढावी लागत नाही. जुने ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे तुकडे, मोकळे न करता राखून ठेवले जातात, त्यामुळे आकाराची अडचण उरत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेच्या सर्व्हरवर चुकीच्या यंत्रावर दिलेल्या आज्ञेने सुमारे ३०० जीबी डेटाबेसपैकी जेमतेम ४.५ जीबी उरला. नेहमीचे बॅकअप निकामी निघाले आणि सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला.

स्नॅपशॉटने धरून ठेवलेली जागा मात्र फाइल काढूनही मोकळी होत नाही. डिस्क भरत आली की जुने स्नॅपशॉट काढण्याचा मोह होतो, आणि तो अधिकार बहुधा फाइली पुसण्याचा अधिकार असलेल्याच व्यक्तीकडे असतो. याउलट ॲमेझॉनच्या एस३ या ऑनलाइन फाइल-साठवण सेवेत २०१८ मध्ये आलेल्या ‘ऑब्जेक्ट लॉक’च्या कडक प्रकारात मुदत संपेपर्यंत मुख्य खातेधारकालाही संरक्षित आवृत्ती पुसता येत नाही.