२० कोटी ४० लाखांचे नाव : हिपहॉप कपड्यांच्या ब्रँडची उतरण कुठून सुरू झाली?

मार्च २००७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका परवाना कंपनीने, म्हणजे ब्रँडची नावे विकत घेऊन ती इतरांना वापरायला देणाऱ्या कंपनीने, ‘रोकावेअर’ या हिपहॉप कपड्यांच्या ब्रँडचे नाव आणि बोधचिन्ह २० कोटी ४० लाख डॉलर रोख मोजून विकत घेतले. त्या वेळी दुकानांमधली या ब्रँडची वार्षिक विक्री ७० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले जात होते. नऊ वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, त्याच कंपनीने आपल्या हिशेबातली या नावाची किंमत १६ कोटी ९० लाखांनी खाली आणली आणि २०१८ मध्ये आणखी ३ कोटी ४० लाखांनी. खरेदीला मोजलेली रक्कम जवळजवळ पूर्णपणे पुसली गेली. फुबू, फॅट फार्म, एको, शॉन जॉन, एड हार्डी यांचीही थोड्याफार फरकाने हीच गत झाली. ‘ढगळ कपड्यांची फॅशन गेली आणि त्यांच्यासोबत हे ब्रँडही गेले’ असे म्हणून हा विषय मिटवला जातो. ते खरे आहे, पण अर्धेच.

या ब्रँडची पहिली मोठी पडझड ढगळ कपडे ऐन भरात असतानाच झाली होती. क्रॉस कलर्स १९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. आफ्रिकी रंग, मोठमोठ्या मापाचे कपडे आणि ‘पूर्वग्रहाविना कपडे’ हे ब्रीद. टीव्ही मालिकांमधून तो घराघरांत दिसू लागला आणि मागणी इतकी वाढली की माल पुरवणे कठीण झाले. पण विक्रीचा फार मोठा हिस्सा एकाच दुकान-साखळीवर टेकलेला होता. ती साखळी जानेवारी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिच्या पाठोपाठ क्रॉस कलर्सही कोलमडला. लोकांना कपडे हवे होते, रॅपर ते घालत होते, आणि तरी ब्रँड बुडाला. त्याच्याच छत्राखाली वाढलेला कार्ल कनाय हा ब्रँड वेळीच वेगळा झाला म्हणून टिकला.

फुबूची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. सुरुवात १९९२ ची, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली. ‘आपल्यासाठी, आपणच केलेले’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे म्हणजे हे नाव. भांडवल उभे राहिले ते संस्थापकाच्या आईने राहते घर गहाण टाकून काढलेल्या एक लाख डॉलरमधून. १९९७ मध्ये एका नावाजलेल्या रॅपरने दुसऱ्याच, बलाढ्य कपडे कंपनीच्या जाहिरातीत फुबूची टोपी घातली आणि रॅप करता करता त्या नावाचा अर्थही बेमालूम पेरला. कंपनीच्या लोकांच्या ते ध्यानातच आले नाही. पुढच्या वर्षी फुबूची विक्री ३५ कोटी डॉलरवर गेली. मग जे व्हायचे ते झाले. दुकानांना हवा त्याहून जास्त माल बाजारात ओतला गेला, उरलेला माल सवलतीच्या रॅकवर लागला, आणि पूर्ण किमतीला तो घेणारे गिऱ्हाईक दुरावले. २००३ च्या सुमारास फुबूने अमेरिकेतला बराचसा पसारा आवरून परदेशी बाजारांवर भर दिला.

त्याच वर्षी फॅशनही वळली. रोकावेअरच्या मालकांपैकी जो रॅपर होता, त्यानेच २००३ च्या एका गाण्यात जर्सी सोडून बटणांचा शर्ट घालण्याची भाषा केली. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने खेळाडूंसाठी पोशाखाचे नियम काढले आणि संघाच्या कामावर असताना जर्सी, साखळ्या, बिनबाह्यांचे शर्ट यांवर बंदी घातली. या नियमांचा रोख कोणत्या खेळाडूंवर होता याबद्दल तेव्हाच कडाक्याचे वाद झाले होते, आणि ते रास्त होते. दशक संपेपर्यंत रॅपरांच्याच अंगावर घट्ट जीन्स आल्या.

पण फॅशन बदलली की कपड्याचा कट बदलता येतो. जीन्सच्या जुन्या कंपन्यांनी बेल बॉटम, बॅगी, स्किनी असे सगळे हंगाम पाहिले आणि त्या टिकल्या. या ब्रँडना ते का जमले नाही? कारण तोवर यांतल्या अनेकांच्या हातात कात्रीच राहिली नव्हती.

परवान्याच्या धंद्यात नावाचा मालक कपडे शिवत नाही. जीन्सचा परवाना एकाला, टोप्यांचा दुसऱ्याला, लहान मुलांच्या कपड्यांचा तिसऱ्याला, परफ्यूमचा चौथ्याला. प्रत्येक परवानाधारक विक्रीतला ठरलेला टक्का देतो आणि विक्री होवो न होवो, वर्षाला एक किमान रक्कम द्यायला बांधलेला असतो. मालकाला कारखाना नको, गोदाम नको, पगाराचे कामगार नकोत. भागधारकांना हा हिशेब फार आवडतो. मात्र करार संपत आला आणि किमान रक्कम भरून निघत नसली, की परवानाधारक माल उचलेल त्या दुकानाला देऊ लागतो. नाव खराब झाले तर नुकसान त्याचे नसते. जीन्सवाला आणि टोपीवाला एकमेकांशी बोलतही नसतात. अशा रचनेत पुढच्या वर्षी पँटचा घेर किती असावा हे ठरवणारा माणूसच नसतो.

म्हणूनच २००७ चा व्यवहार आजही वादाचा आहे. टीकाकार म्हणतात, वस्तीतल्या पोरांनी डोक्यावर घेतलेले नाव मालकांनी वॉल स्ट्रीटला विकले. विकणाऱ्यांची बाजू मला जास्त पटते. कृष्णवर्णीय उद्योजकांना बँका उभे करत नव्हत्या, म्हणून तर फुबूसाठी आईचे घर गहाण पडले. २००४ मध्ये फॅट फार्म १४ कोटी डॉलरला विकला गेला होता, तो आकडा सगळ्यांसमोर होता. रोकावेअरमधल्या एका भागीदाराचा हिस्सा २००५ मध्ये सुमारे ३ कोटींत घेतला गेला होता. घसरण समोर दिसत असताना रोख २० कोटी नाकारा, असे या माणसांना सांगण्याचा अधिकार कोणाला होता? ज्या संगीतातून हे कपडे जन्मले त्या संगीताचे हक्क किती कलाकारांनी कवडीमोलाने घालवले, हे त्यांनी जवळून पाहिले होते. या वेळी किंमत त्यांनी ठरवली.

दोष द्यायचाच तर तो खरेदीनंतर जे झाले त्याला द्यावा लागेल. विकणारा रॅपर ब्रँडचे उत्पादन आणि प्रसिद्धी सांभाळायला राहणार होता. २००८ मध्ये त्याने मनोरंजनाची नवी कंपनी काढली आणि तिच्या नावातही रोकावेअरमधलाच ‘रॉक’ (इंग्रजी अक्षरे आर-ओ-सी) होता. या अक्षरांवर हक्क कोणाचा, यावरून २०१७ मध्ये परवाना कंपनी कोर्टात गेली. २०१८ मध्ये प्रकरण लवादाकडे आले, तेव्हा लवादांच्या यादीत मोठ्या व्यापारी खटल्याचा अनुभव असलेले कृष्णवर्णीय नावच सापडत नाही, अशी हरकत घेऊन त्याने कोर्टाकडून ते तात्पुरते थांबवले. त्याच वर्षी भांडवल बाजाराच्या नियामकाने रोकावेअरची किंमत कशी आणि कधी उतरवली याच्या चौकशीत त्याची साक्ष मागितली. परवाना कंपनी आणि तो यांच्यातल्या खटल्यात २०१९ च्या अखेरीस दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. नाव एकदा विकले की त्यातले एक अक्षर वापरायलाही वकील लागतो, हे या भांडणाने सर्वांना दाखवले. एवढ्या काळात कपड्यांबद्दल कोणी काही बोलल्याची नोंद मात्र शोधावी लागते.

एड हार्डीचे झाले ते याहून वेगात. कॅलिफोर्नियातल्या एका आदरणीय टॅटू कलाकाराची चित्रे २००४ च्या सुमारास एका फ्रेंच व्यावसायिकाने परवान्यावर घेतली. जपानी गोंदणकलेचा अनेक वर्षांचा अभ्यास त्या वाघांत आणि कोई माशांत होता. पाचेक वर्षांत ती चित्रे टी-शर्टवरून वाइनच्या बाटल्यांपर्यंत पोचली. २००९ पासून या नावाचे हक्कही रोकावेअर घेणाऱ्या त्याच कंपनीकडे टप्प्याटप्प्याने गेले. एकोचा मोठा हिस्साही तिने त्याच वर्षी घेतला. भारतात आपल्याकडे एड हार्डी बहुतेकांनी पाहिला तो नकलेतून, मुंबईच्या फॅशन स्ट्रीटसारख्या बाजारात. २०१२ मध्ये त्या परवाना कंपनीने भारतातल्या एका बड्या उद्योगसमूहाबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी केली, तोवर अमेरिकेत या नावांची चमक उतरून गेली होती.

माल मोजका ठेवला असता तर वाचले असते, असेही म्हटले जाते. टोकियोच्या हाराजुकू भागातून १९९३ मध्ये निघालेल्या अ बेदिंग एप या ब्रँडने नेमके तेच केले होते. कमी माल, लांब रांगा. तरीही कर्जाच्या ओझ्याखाली २०११ मध्ये त्याचा ९० टक्के हिस्सा हाँगकाँगच्या एका कंपनीला तीस लाख डॉलरपेक्षाही कमी किमतीत द्यावा लागला. मोजक्या मालासाठीच ओळखला जाणारा न्यूयॉर्कचा सुप्रीम हा ब्रँड २०२० मध्ये २१० कोटी डॉलरला विकला गेला आणि २०२४ मध्ये तोच १५० कोटींना पुन्हा विकावा लागला.

शॉन जॉनच्या संस्थापकाने २०१६ मध्ये बहुतांश हिस्सा विकला होता. घेणारी कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर २०२१ मध्ये त्याने तो ब्रँड सुमारे ७५ लाख डॉलरला परत मिळवला. याच ब्रँडला २००४ मध्ये अमेरिकी फॅशन डिझायनरांच्या परिषदेचा पुरुषांच्या कपड्यांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. क्रॉस कलर्स मूळ संस्थापकांनी पुन्हा सुरू केला, आणि त्याच्या जुन्या कपड्यांचे प्रदर्शन लॉस एंजेलिसच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात भरले. २०२४ मध्ये, संस्थापकाच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, ऑफ-व्हाइट हा ब्रँड फ्रान्सच्या चैनीच्या वस्तूंच्या समूहाने न्यूयॉर्कच्या एका कंपनीला विकला. नावे विकत घ्यायची आणि परवान्यावर चालवायची, हाच या नव्या मालकाचाही धंदा आहे.