नागपूर ते तुळजापूर सायकल सहल : पहिला दिवस कसा जातो

नाव नोंदवायला येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात, "साडेपाचशे किलोमीटर जमेल का हो आपल्याला?" साडेपाचशे किलोमीटर कोणीच एका दमात चालवत नाही. रोजचे सत्तर-ऐंशी चालवायचे असतात आणि तेही जेवण, चहा, फोटो, पंक्चर सगळं धरून. म्हणून या पत्रकात पूर्ण सहलीचं वर्णन न करता फक्त पहिला दिवस सांगतो : नागपूर ते सेवाग्राम. पुढे रस्ता बदलतो, गावं बदलतात, दिवसाची घडी तीच राहते.

पहाटे साडेपाचला झिरो माईलपाशी जमायचं. डिसेंबरात नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिला तास अंधारातच जातो. समोर पांढरा आणि मागे लाल दिवा नसेल तर आम्ही सायकल निघू देत नाही; यावर वाद घालू नये. थंडी दहा-बारा अंशांपर्यंत उतरलेली असते, पण जाड स्वेटर घालू नका. अजनी ओलांडेपर्यंत घाम येतो आणि मग ते ओझं दिवसभर बाळगावं लागतं. पातळ विंडचीटर पुरे.

वर्धा रोडवर आपण मेट्रोच्या दुमजली पुलाखालून जातो, वरून नाही. इथे ग्रुपचे छोटे तुकडे पाडतो, सहा-सात जणांचा एक. दोन तुकड्यांत एवढं अंतर ठेवायचं की मागून येणाऱ्या ट्रकला मध्ये शिरायला जागा मिळेल. वीस सायकलींची सलग रांग दिसायला छान दिसते, पण तिला ओलांडताना ट्रकवाल्याचा अंदाज चुकतो. डाव्या कडेने, एकामागे एक, गप्पा बंद. पुढच्याने "खड्डा" म्हटलं की तुम्हीही मागच्यासाठी "खड्डा" म्हणायचं. थांबायचं असेल तर आधी हात दाखवायचा, मग ब्रेक.

कोणी ना कोणी हमखास विचारतं, "समृद्धीवरून का नाही जात?" समृद्धी महामार्गावर सायकलला आणि दुचाकीला परवानगी नाही. आपण बुटीबोरीपर्यंत हैदराबादकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाने जातो आणि तिथून तुळजापूरचा ३६१ धरतो.

सकाळी हात राखून चालवा

या पत्रकातली एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. पहिले तीस किलोमीटर सगळ्यांनाच सोपे जातात. हवा गार, पाय ताजे, शेजारी नवीन ओळखीचे लोक, आणि रस्ताही मदत करतो : नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, वर्धा त्याच्या बरंच खाली. हा उतार डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. त्यात हिवाळ्यातला वारा बहुधा उत्तर-पूर्वेचा, म्हणजे पाठीवरचा. साहजिकच माणसाला वाटतं की आपण फार जोरात चालवतोय. मग तो पुढच्याच्या मागे लागतो आणि सेलूच्या अलीकडे, ऊन चढल्यावर, पाय जड होतात.

त्यामुळे बुटीबोरीपर्यंतचा वेग आमचा माणूस ठरवतो आणि त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. मुंबई-पुण्याहून महागड्या सायकली घेऊन येणाऱ्या भाऊंना हे जरा जड जातं. चालवताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त. जड गिअर ओढू नका. हलका गिअर लावून पाय भराभर फिरू द्या, गुडघे दुवा देतील.

बुटीबोरीला नाश्ता. तर्री-पोहे मिळतात आणि आमचा त्यांना विरोध नाही, पण तर्री बेताने. चाळीस-पन्नास किलोमीटर बाकी असताना पोटात जाळ नको. सोबत केळी, शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ-साखरेचं लिंबूपाणी आम्ही देतो. भूक लागायची वाट पाहू नका. पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाका आणि ताशी साधारण अर्धा लिटर पाणी प्या, उन्हात थोडं जास्त.

इथून पुढचा रस्ता खरा. औद्योगिक वसाहतीची वर्दळ मागे पडते आणि दोन्ही बाजूंना कापूस, तूर, मधूनच संत्र्याची बाग. डिसेंबरात कापसाच्या गाड्या रस्त्यावर असतात, त्यांच्या मागे फार जवळ राहू नका. केळझरला टेकडीवर सिद्धिविनायकाचं मंदिर आहे. वर जाणं ऐच्छिक. खाली बसून पाय मोकळे केलेत तरी गणपती रागावणार नाही.

पंक्चर, कुत्री आणि बसण्याचं दुखणं

पंक्चर होणारच. खिळ्याने क्वचित, बहुतेक वेळा गोखरूने किंवा बाभळीच्या काट्याने, आणि तेही रस्ता सोडून कडेच्या मातीत सायकल आडवी केल्यावर. थांबलात की सायकल डांबरावर किंवा उचलून ठेवा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधा, नाहीतर नवीन ट्यूबही पाच मिनिटांत बसते. आमचा मिस्त्री गाडीत असतो, पण तो तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागू शकतो; म्हणून एक जादा ट्यूब आणि पंप स्वतःजवळ हवाच. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. दगडासारखं टणक टायर वेग वाढवत नाही, फक्त हाडं खिळखिळी करतं.

ढाब्यांजवळची कुत्री मागे लागतात. लाथ मारू नका, तोल जातो. वेग कमी करा, जोरात ओरडा. तरीही सोडत नसेल तर उतरून सायकल मध्ये धरा.

आता जे कोणी विचारत नाही ते. बसायची जागा दुखते, सगळ्यांची दुखते आणि दुसऱ्या दिवशी जास्त दुखते. पॅड असलेली सायकलची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरी चड्डी घालू नका. शिवण घासून कातडी सोलते. निघण्याआधी व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा. मऊ, गुबगुबीत सीट कव्हर घेऊ नका, त्याने उलट त्रास वाढतो. सीटची उंची मात्र जरूर तपासा : पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. महिलांनी याबाबत आमच्या सहप्रवासी ताईंशी बोलावं. सहलीत त्या कायम असतात.

मागची गाडी

शेवटच्या सायकलस्वारामागे आमचा एक माणूस सायकलवर आणि त्याच्यामागे गाडी असते. तुम्ही कितीही हळू असा, तो माणूस तुम्हाला ओलांडून जाणार नाही. दमलात तर गाडीत बसा. त्याची नोंद कुठेही होत नाही आणि रात्रीच्या जेवणात कोणी टोमणे मारणार नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही. पण छातीत दुखणं, चक्कर किंवा अंगावर शहारे येऊन घाम थांबणं, यांपैकी काहीही झालं तर विचारत बसू नका. लगेच थांबा आणि हाक मारा.

पवनारला धाम नदीच्या काठी थांबतो. विनोबांचा आश्रम इथेच. गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन या नदीतही झालं होतं. पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले की अनेकांना पुढे जावंसं वाटत नाही, पण सेवाग्राम इथून जवळच आहे आणि जेवण तिथे आहे. साधारण एकपर्यंत पोचतो.

दुपार तुमची. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं; आदिनिवास, बापूकुटी, बा-कुटी चालत पाहून होतात. सायकलचे बूट घालून आश्रमात फिरू नका, चपला सोबत ठेवा. त्याआधी दोन कामं उरका : कपडे धुऊन वाळत घालणं आणि चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडणं. जेवण साधं आणि शाकाहारी. "संध्याकाळची काही सोय?" असं हळूच विचारणाऱ्यांसाठी : वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.

साडेसातला पंधरा मिनिटांची बैठक. दुसऱ्या दिवशीचा देवळी–कळंब–यवतमाळ रस्ता, कुठे चढ, कुठे पाणी, एवढंच. नऊला दिवे बंद.

येण्याआधी

निदान महिनाभर आधीपासून आठवड्यातून तीनदा चालवा आणि शेवटच्या पंधरवड्यात एकदा तरी पन्नास किलोमीटर सलग करा. रामटेकला गेलात तर उत्तम सराव होईल. नवीन बूट किंवा नवीन सीट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा नियमित गोळ्या असतील तर फॉर्मवर स्पष्ट लिहा. लपवलंत तर वाटेत आम्हाला मदत करता येत नाही. बॅग एकच, दहा किलोच्या आत, वर नाव लिहिलेली. ती पहाटे निघण्याआधी गाडीत चढवली जाते.