चालताना पाय भरून येतात, दोष मात्र कमरेत

थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, पाय जड होतात. दोन मिनिटं वाकून बसलं की पुन्हा मोकळे. हाच माणूस सायकल मात्र विनातक्रार चालवतो! हँडलवर वाकल्यावर कमरेच्या मणक्यांतला नसांचा मार्ग जरा रुंदावतो आणि ताठ उभं राहताच आवळतो.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे न्यूरोसर्जन हेंक व्हर्बिस्ट यांनी १९५४ साली या दुखण्याचं नेमकं वर्णन केलं. मार्गाची पुढून मागची रुंदी १० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर तो फारच अरुंद, असं त्यांनी ठरवलं. वयानुसार मणक्यांमधली चकती फुगते, मणक्यांचे सांधे वाढतात, मणक्यांना मागून जोडणारा पिवळा अस्थिबंध जाड होतो. जागा घेतली जाते ती नसांची.

औषधं आणि व्यायाम पुरेनासे झाले, तर ऑपरेशनने ही जागा परत मिळवता येते. रुग्णाला पालथं झोपवतात, पण पोट अधांतरी ठेवून. पोटावर दाब आला तर मणक्यातल्या शिरा फुगून रक्तस्राव वाढतो. नेमका मणका कोणता ते एक्स-रेवर पक्कं करून मागचं हाड ड्रिलने पातळ करतात आणि बारीक चिमट्याने कणाकणाने काढतात. मग पिवळा अस्थिबंध निघतो. खाली नसांचं निळसर पांढरं आवरण दिसतं. दाब सुटला की ते हृदयाच्या ठोक्याबरोबर हलू लागतं.

‘मणक्याला हात लावला की माणूस लुळा होतो’ ही भीती घरोघरी आहे. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. हा त्रास बहुतेकदा चौथ्या-पाचव्या मणक्यात असतो. तिथे असतात फक्त सुट्या नसा. धोका मुळीच नाही असं नव्हे: आवरण फाटू शकतं, जंतुसंसर्ग होतो, क्वचित नस दुखावते. सांधा जास्त कापला गेला, तर मणका सरकू शकतो.

आणखी एक गोष्ट रुग्णाला आधीच सांगायला हवी. या ऑपरेशनने पायाचं दुखणं चांगलं कमी होतं, कंबरदुखी तितकी नाही. तसंच, नुसता एमआरआय पाहून ऑपरेशन ठरवू नये. साठीनंतर असा अरुंदपणा काहीच त्रास नसलेल्यांतही दिसतो.

मात्र लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. उशीर झाला तर ऑपरेशन करूनही लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही.