बर्फ पडत नाही, पण मीटर १२० दाखवतो

साच्यात करंजीच्या आकाराचे सात-आठ तुकडे घट्ट गोठलेले आहेत, त्यांना बाहेर ढकलणारे दाते बर्फाला टेकून थबकले आहेत आणि खालची बादली रिकामी आहे. अमेरिकेत व्हर्लपूल, केनमोर, किचनएड अशा फ्रीजमध्ये वर्षानुवर्षं बसवल्या गेलेल्या मॉड्युलर आइसमेकरचं हे नेहमीचं दुखणं. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतही हा डबा असतोच. तो बंद पडला की बहुतेक जण आख्खा डबा बदलतात. खरं तर त्याच्या तोंडावरच तपासणीसाठी सहा भोकं दिलेली असतात. मल्टिमीटरचा (व्होल्ट आणि ओम मोजणाऱ्या मीटरचा) आकडा वाचता आला, तर बिघाड नेमका कुठे आहे ते दहा मिनिटांत कळतं. अडचण मीटर लावण्यात नसते, आकड्याचा अर्थ लावण्यात असते.

आतली रचना साधी आहे. पाणी पडतं तो ॲल्युमिनियमचा साचा, त्याच्या बुडाशी हीटर, साच्याला चिकटलेला द्विधातूचा थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे आपोआप जोडला-तुटणारा स्विच) आणि दाते फिरवणारी इवलीशी मोटर. पाणी गोठून साचा साधारण उणे ८ अंश सेल्सिअसला (१७ फॅरनहाइट) उतरला की थर्मोस्टॅट जोडला जातो. त्याबरोबर हीटर आणि मोटर दोन्ही सुरू होतात. हीटर बर्फाची फक्त कड सोडवतो आणि तोवर मोटर दात्यांनी बर्फावर रेटा देत थांबून राहते. मोटर दीड वॅटची, म्हणून अशी अडकून राहिली तरी जळत नाही. हीटर मात्र सुमारे १८५ वॅटचा. बर्फ सुटला की दाते फिरतात, साचा गरम झाल्यामुळे शून्य अंशाच्या आसपास थर्मोस्टॅट पुन्हा तुटतो आणि फेरीच्या शेवटाकडे पाण्याचा व्हॉल्व्ह साडेसात सेकंद उघडतो. पूर्ण फेरीला लागतात तीन मिनिटं.

मीटर काढण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. तारेचा दांडा खाली आहे ना? वर अडकलेला दांडा म्हणजे आइसमेकर बंद. कित्येकदा बादलीतला एखादा तिरका तुकडाच त्याला उचलून धरतो. फ्रीजरचं तापमान उणे १८ च्या जवळ आहे ना? उणे ९-१० वर रेंगाळणाऱ्या फ्रीजरमध्ये थर्मोस्टॅट जोडला जायला फार वेळ लागतो आणि दोष आइसमेकरच्या माथी येतो. तिसरं म्हणजे साच्यात बर्फ आहे की साचा कोरडा आहे? कोरडा असेल तर शोध पाण्याच्या वाटेवर घ्यायचा. तिथे बहुधा मागच्या नळीच्या तोंडाशी बर्फाचा बूच बसलेला सापडतो.

आता पुढचं प्लास्टिकचं झाकण ओढून काढा. भोकांपाशी इंग्रजी अक्षरं दिसतील: एन, एम, एच, टी, एल, व्ही. एल म्हणजे येणारी लाइन, एन न्यूट्रल, एच हीटर, एम मोटर, टी थर्मोस्टॅट, व्ही व्हॉल्व्ह. तिथे १२० व्होल्ट उघडे असतात, त्यामुळे हात कोरडे हवेत, दुसरा हात धातूला लागता कामा नये आणि मीटरच्या तारांची टोकं, म्हणजे प्रोब, एकमेकांना टेकता कामा नयेत. प्रोब अर्धा इंच तरी आत जायला हवेत. वरवर टेकवल्याने शून्य दिसलं आणि त्यावरून चांगला मॉड्यूल (मोटर असलेला पुढचा भाग) कचऱ्यात गेला, असं सर्रास होतं.

पहिलं मोजमाप एल आणि एन यांच्यात. १२० नसतील तर आइसमेकर निर्दोष आहे. प्लग, तारांचं जुडगं किंवा अलीकडच्या मॉडेलांतली बर्फाची पातळी पाहणारी अवरक्त किरणांची जोडी तपासा. ही जोडी असलेल्या काही फ्रीजमध्ये दार उघडताच आइसमेकरचा पुरवठा तुटतो. म्हणजे दार उघडून मोजणाऱ्याला नेहमी शून्यच दिसणार! आकडा ३०-४० असा अधांतरी आला तर त्यावर विश्वास ठेवू नका. डिजिटल मीटर इतका थोडा प्रवाह घेतो की कुठेही न जोडलेल्या तारेवरही शेजारच्या तारेमुळे असे भुताटकीचे व्होल्ट दिसतात.

दुसरं मोजमाप टी आणि एच यांच्यात, दांडा खाली ठेवून. इथेच लोक फसतात. या दोन टोकांमध्ये थर्मोस्टॅट आहे, म्हणजे एक स्विच. जोडलेल्या स्विचच्या दोन बाजू विजेच्या दृष्टीने एकच, त्यामुळे मीटर शून्य दाखवतो. तुटलेल्या स्विचच्या एका बाजूला हीटरमधून आलेली लाइन असते आणि दुसऱ्या बाजूला न्यूट्रल, म्हणून मीटर पूर्ण १२० दाखवतो. थोडक्यात, १२० म्हणजे स्विच उघडा (तुटलेला) आणि शून्य म्हणजे जोडलेला. साचा उणे १२ च्याही खाली गेलेला असताना १२० दिसत असतील, तर थर्मोस्टॅट गेला.

पण शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. टी-एचवर लाइन पोहोचते ती हीटरमधूनच. हीटरची तार तुटलेली असेल तर थर्मोस्टॅट उघडा असूनही मीटरला काहीच दिसणार नाही. म्हणून वीज बंद करून, प्लग काढून एल आणि एच यांच्यातला रोध मोजायचा. तो ७० ते ८० ओमच्या दरम्यान यायला हवा. गणितही जुळतं: १२० चा वर्ग १४,४००, त्याला ७५ ने भागलं की १९२ वॅट. मोटरचा रोध साधारण ८,८०० ओम असतो. हे दोन आकडे लक्षात असले की अर्धं काम झालं. सुरुवातीच्या चित्रात दाते बर्फाला टेकलेले होते, म्हणजे मोटरने प्रयत्न केला होता. अशा वेळी साच्याला बोट लावून पाहावं. तो थंडगार असेल तर संशय हीटरवर, आणि गरम असूनही दाते हलत नसतील तर मोटर किंवा तिच्या चाकांवर.

थर्मोस्टॅटची सर्वांत वाईट तपासणी म्हणजे तो काढून ओट्यावर कंटिन्युटी (वीज आरपार जाते का ते) पाहणं. खोलीच्या उबेत तो उघडाच असायला हवा. अशा तपासणीत चांगले थर्मोस्टॅट नापास होतात.

टी आणि एच जोडून फेरी हाताने सुरू करता येते. त्यासाठी आवरण असलेल्या १४ गेजच्या तारेचा छोटा तुकडा पुरतो. जोडण्याआधी अक्षरं दोनदा वाचा; चुकून एल-एन जोडलंत तर सरळ शॉर्ट होईल. मोटर फिरू लागली की पाच-दहा सेकंदांत तार काढा. ती तशीच राहिली तर हीटर बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटलाच आपण बगल दिलेली असते. तार जोडल्यावर फेरी नीट झाली आणि एरवी होत नसेल, तर दोष थर्मोस्टॅटचा. अर्थात, तो साच्याला नीट चिकटलेला असेल तरच. त्या दोघांमध्ये उष्णता वाहून नेणारी राखाडी लुकण असते. मॉड्यूल उघडून परत बसवताना ती नव्याने लावली नाही, तर साचा गोठतो पण थर्मोस्टॅटला थंडी पोहोचतच नाही, आणि दुरुस्तीनंतर जुनीच तक्रार परत येते.

भरणाच्या वेळी एन-व्हीवर १२० दिसले तर आइसमेकरने आपलं काम केलं आहे. तरी पाणी आलं नाही, तर फ्रीजच्या मागे खाली असलेला व्हॉल्व्ह पाहा. त्याच्या कॉइलचा रोध साधारण २०० ते ५०० ओम असतो. पाणी येतं पण कमी येतं, असं असेल तर मॉड्यूलवरचा स्क्रू आहे. अर्ध्या वळशाने भरणाचा वेळ सुमारे एक सेकंदाने, म्हणजे पाणी साधारण २० मिलिलिटरने बदलतं. एका भरणाला एकूण १४० मिलिलिटरच्या आसपास लागतं.

भारतातल्या २३० व्होल्टच्या फ्रीजला वरचे ओमचे आकडे लावू नयेत. तितक्याच वॅटच्या हीटरचा रोध तिथे पावणेतीनशे ओमच्या पुढे जातो. ज्या आइसमेकरमध्ये प्लास्टिकचा ट्रे पिळून बर्फ पाडतात, त्यात साच्याचा हीटरच नसतो, त्यामुळे ही तपासणी तिथे लागू नाही.

दुरुस्तीनंतर लगेच बर्फाची वाट पाहू नका. पाणी भरून, गोठून, साचा पुरेसा खाली उतरायला तास-दीड तास सहज जातो. नळी आणि व्हॉल्व्ह हाताळलेले असतील तर पहिले दोन-तीन घाणे टाकूनच द्यावेत.