रक्तबिंबिकांची साठवण

दात्याच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या रक्तबिंबिका रुग्णाला चढवेपर्यंत कार्यक्षम राहाव्यात, यासाठी रक्तपेढीत तापमान, हालचाल आणि पिशवी यांची जी योजना केलेली असते, तिला रक्तबिंबिकांची साठवण म्हणतात. बिंबिका म्हणजे रक्त गोठवून रक्तस्राव थांबवणारे सूक्ष्म रक्तकण; व्यवहारात त्यांना ‘प्लेटलेट’ असेच म्हटले जाते. तांबड्या पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात. बिंबिका मात्र २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलत्या ठेवून, भारतात पाच दिवसच वापरता येतात.

योग्य तापमानाविषयीचा मतभेद जुना आहे. साधारणतः १९६० च्या दशकापर्यंत बिंबिकाही ४ अंशांच्या आसपास ठेवल्या जात. थंड बिंबिका शरीरात गेल्यावर लवकर नाहीशा होतात आणि २२ अंशांवरच्या कितीतरी अधिक काळ टिकतात, हे स्कॉट मर्फी व फ्रँक गार्डनर यांनी १९६९ मध्ये दाखवले. थंडीने बिंबिकेचा बशीसारखा चपटा आकार जाऊन ती गोलसर होते, तिच्या पृष्ठभागावरील प्रथिने एकवटतात व यकृतातील भक्षक पेशी तिला वेचून काढतात, असा उलगडा पुढे झाला. वाहते रक्त चटकन थांबवण्यास थंड बिंबिका सरस असल्याचे मत अलीकडे पुन्हा मांडले जाते, आणि अमेरिकेत २०२३ मध्ये त्या १४ दिवसांपर्यंत साठवण्यास मर्यादित मुभाही मिळाली आहे. तथापि कर्करोगाच्या उपचारात बिंबिका काही दिवस रक्तात टिकणे हाच हेतू असल्याने तेथे १९६९ चा निष्कर्षच अधिक ग्राह्य वाटतो.

पिशवीतील बिंबिका श्वसन करीत असतात. ऑक्सिजन अपुरा पडला की ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल साचते व सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) उतरतो, तो ६.२ च्या खाली गेल्यास बिंबिका सहसा सावरत नाहीत. म्हणून पिशवी वायू आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची असते आणि ॲजिटेटर या हलवणाऱ्या यंत्रावर ती संथपणे हलत राहते. तंत्रज्ञ ती उजेडासमोर धरून अलगद कलवतो. बिंबिका चपट्या असतील तर पिवळसर द्रवात रेशमासारखी चमकती लहर फिरते. आकार बिघडला असेल तर द्रव नुसताच गढूळ दिसतो.

२० ते २४ अंशांच्या या तापमानाला जंतूही वाढतात. अमेरिकेत १९८४ मध्ये सात दिवसांवर नेलेली मुदत याच कारणाने १९८६ मध्ये पुन्हा पाचवर आणावी लागली.

सांगली जिल्ह्यात पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यूमुळे बिंबिकांची मागणी वाढते. १८९४ पासून रुग्णालयांचे गाव म्हणून वाढलेल्या मिरजेकडे जत, आटपाडीकडचे रुग्ण येतात, तसेच मिरजेहून त्या गावांकडे पिशव्याही न्याव्या लागतात. नातेवाईक तांबड्या पेशींच्या सवयीने बर्फाचा डबा घेऊन येतात. बिंबिकांसाठी तो घातक आहे. प्रवासात काही तास हालचाल थांबली तरी चालते, पण जतच्या उन्हात बंद गाडीत राहिलेली पिशवी वाया जाऊ शकते. वॉर्डात पोहोचल्यावर ती फ्रीजमध्ये न ठेवता लगेच लावावी.