हॅम्बुर्गच्या आधी आणि नंतर: जर्मनीच्या रात्रीच्या हवाई संरक्षणाची पार्श्वभूमी

मे १९४० मध्ये ब्रिटिश बॉम्बर रात्री रुहरच्या औद्योगिक पट्ट्यावर येऊ लागले, तेव्हा जर्मनीकडे अंधारात त्यांना गाठणारं खास हवाई दल जवळजवळ नव्हतंच. भरवसा होता तो विमानवेधी तोफांवर आणि सर्चलाइटवर. जूनमध्ये वोल्फगांग फाल्कच्या हाताखाली पहिली रात्र-लढाऊ तुकडी उभी राहिली आणि जुलैत योझेफ कामहुबरकडे या सगळ्या कामाची सूत्रं आली. सुरुवातीला वैमानिक सर्चलाइटच्या पट्ट्याजवळ घिरट्या घालायचे आणि झोतात सापडलेल्या बॉम्बरवर झडप घालायचे. ढग आले की तेही बंद.

कामहुबरची खरी कामगिरी म्हणजे ‘हिमेलबेट’. डेन्मार्कपासून उत्तर फ्रान्सपर्यंतच्या आकाशाचे त्याने चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात लांबून चाहूल घेणारं एक फ्रेया रडार आणि अचूक माग काढणारी दोन व्युर्झबुर्ग रडार असत. त्यांतलं एक शत्रूच्या बॉम्बरवर रोखलेलं, दुसरं स्वतःच्याच लढाऊ विमानावर. नियंत्रण कक्षातल्या काचेच्या मेजावर दोन रंगांचे प्रकाशठिपके सरकत आणि अधिकारी रेडिओवरून वैमानिकाला दिशा सांगत एक ठिपका दुसऱ्यापर्यंत नेई. शेवटचे दोन-तीन किलोमीटर विमानातल्या लिख्टेनश्टाइन रडारवर पार पडत. ऑगस्ट १९४१ मध्ये लुडविग बेकरने त्याच्या मदतीने पहिला बळी टिपला. नाकावरच्या काटेरी अँटेनांमुळे वेग घटतो म्हणून इतर वैमानिक मात्र बराच काळ कुरकुरत राहिले.

या रचनेचं मर्म आणि दुखणं एकच होतं: एका चौकोनात एका वेळी एकच लढाऊ विमान हाताळता येई. ब्रिटिश एकेकटे, विखरून येत तोवर ठीक. ३० मे १९४२ च्या रात्री हजाराहून अधिक विमानं एकाच दाट प्रवाहात कोलोनवर गेली आणि वाटेतले मोजके चौकोन त्या लोंढ्यापुढे अपुरे पडले. कामहुबरने उत्तर म्हणून आणखी चौकोन वाढवले. माझ्या मते इथेच तो चुकला. जाळं रुंद झालं, पण पद्धत तीच राहिली.

२४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर ब्रिटिशांनी धातूचा मुलामा दिलेल्या कागदी पट्ट्या ढिगांनी सोडल्या. व्युर्झबुर्ग आणि लिख्टेनश्टाइन, दोन्हींचे पडदे खोट्या ठिपक्यांनी भरून गेले. ७९१ विमानांपैकी फक्त १२ पडली. ही युक्ती दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक होती आणि शत्रू ती उलट आपल्यावरच वापरेल या धास्तीने दोघांनीही ती दाबून ठेवली होती. हॅम्बुर्गवरच्या त्या आठवड्यातल्या हल्ल्यांत ३० हजारांहून अधिक माणसं मेली. रडारच्या या चढाओढीबद्दल लिहिताना तो आकडा नजरेआड होऊ देणं मला पटत नाही.

चौकोनांची शिस्त मोडली, तशी वैमानिकांना मोकळीक मिळाली. हायो हेरमानची एकआसनी विमानं जळत्या शहराच्या उजेडात बॉम्बर शोधू लागली. फॉन लोसबेर्गच्या योजनेत रडारवाली दोन इंजिनांची विमानं थेट बॉम्बरच्या प्रवाहात शिरून मैलोन्‌मैल सोबत उडत. नवं एसएन-२ रडार सुमारे साडेतीन मीटरच्या लांब लहरींवर चाले, त्यामुळे जुन्या पट्ट्यांचा त्याला उपद्रव नव्हता. त्यातच पाठीवर तिरप्या बसवलेल्या, वरच्या दिशेने मारा करणाऱ्या तोफा आल्या. लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बरच्या पोटाखाली पाहणारं कुणी नसे. कुठून मार बसला हे कित्येकांना कळलंही नाही. ३० मार्च १९४४ च्या चांदण्या रात्री न्युरेम्बर्गच्या मोहिमेत ९५ ब्रिटिश बॉम्बर गमावले गेले, पाचशेहून अधिक जण मारले गेले.

हे यश टिकलं नाही. १३ जुलै १९४४ ला वाट चुकलेलं युंकर्स ८८ हे एक जर्मन रात्र-लढाऊ विमान इंग्लंडमधल्या वुडब्रिजच्या धावपट्टीवर उतरलं. त्यात एसएन-२ तर होतंच, शिवाय ब्रिटिश बॉम्बरच्या शेपटीतल्या ‘मोनिका’ या इशारा देणाऱ्या रडारच्याच लहरी पकडून माग काढणारं यंत्रही होतं. ब्रिटिशांनी मोनिका काढून टाकलं आणि एसएन-२ साठी लांब पट्ट्या वापरायला घेतल्या. पुढच्या काही आठवड्यांत फ्रान्स हातचा गेला, किनाऱ्यावरची पूर्वसूचना देणारी रडार गेली, आणि पेट्रोलच्या टंचाईने उरलेली विमानंही रात्रीमागून रात्र जमिनीवरच उभी राहू लागली.